भाऊजींची पावडर आणि कपाटावरचा खोका

पत्र थोडक्यात असं: भांडुपच्या एका ताईंचं आहे, ओळख पटेल असे तपशील काढलेत. मिस्टर ४३ वर्षांचे, फोर्टात नोकरी, पाच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. मधे बराच काळ ठीक होतं, आता तीन महिने झाले परत दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, कधी रक्त पडतं, वजन उतरलंय. लोकलमध्ये टॉयलेट नाही म्हणून फास्ट सोडून स्लो पकडतात आणि सकाळी पोटात काही न घेताच निघतात. डॉक्टरांनी मेसालामाइनच्या (आतड्याची सूज उतरवणाऱ्या) गोळ्या आणि रात्री घ्यायचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध, दिलाय. एनिमा आठवडाभरात बंद झाला, कारण घर वन रूम किचन, त्यात सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि हे दोघं. गोळ्या बरं वाटलं की विसरतात, एकादशीला तर घेतच नाहीत. आता सिंगापूरहून धाकटे दीर आलेत, त्यांनी एक पाकीट आणलंय, आंबवलेल्या मीलवर्मची म्हणजे अळ्यांची पावडर, आतड्याच्या सुजेवर एकदम भारी म्हणे, त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला तरी फरक पडला. मिस्टर आणि सासूबाई दोघंही माळकरी. ताई विचारतात, न सांगता ताकातून दिली तर? त्यांनी स्वतः चिमूटभर चाखली, शेंगदाण्याच्या कुटासारखी लागते, कळणार नाही. फक्त ओठाला आणि जिभेला जरा खाज सुटली, लहानपणी माहेरी कोळंबी खाल्ली की सुटायची तशी. पाकीट महागाचं आहे, आणि डॉक्टरांवरचा विश्वास आता उडत चाललाय.

ताई, बाकीचं सगळं नंतर, आधी त्या खाजेचं. ती पावडर परत तोंडाला लावू नका, चिमूटभर पण नाही, चव बघायला पण नाही. तुम्ही पत्रात ते जाता जाता लिहिलंय, पण मला अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कोळंबी, खेकडे आणि किडे हे आपल्याला वेगवेगळे वाटतात तरी त्यांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ एकसारखं प्रोटीन असतं, त्यामुळे ज्याला कोळंबीची ॲलर्जी त्याला अळ्यांच्या पावडरीची होऊ शकते, आणि पहिल्यांदा नुसती खाज सुटली म्हणजे दुसऱ्यांदाही तेवढ्यावरच भागेल असं काही नाही. हेच प्रोटीन घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांमध्येही असतं. युरोपात अशा खाण्याच्या पाकिटावर कोळंबी-खेकडे आणि धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो असं छापावंच लागतं. आंबवल्यामुळे ते निघून गेलं असेल असं धरून चालू नका, थोडं कमी होत असेलही, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आता सांगा, मिस्टरांना दिवाळीत पोटमाळा काढताना शिंका येतात का? येत असतील तर तुमच्या ताकाच्या बेताचं काय होऊ शकतं ते बघा. समजा रात्री अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, तुम्ही रिक्षा करून कॅज्युअल्टीला नेलंत, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं होतं, आणि ते बिचारे प्रामाणिकपणे सांगणार, भात, वरण, ताक. तुम्ही शेजारी उभ्या, सासूबाई पण तिथेच. त्या क्षणी तुम्हाला तोंड उघडावंच लागेल आणि मग त्या पावडरीपेक्षा मोठं काहीतरी घरात बिघडेल. म्हणून न सांगता द्यायचं तर मी नाहीच म्हणते, यात मधला मार्ग नाही. माळेचं तर आहेच, पण माळ नसती तरी माझं उत्तर तेच असतं. माणूस आजारी असला तरी त्याच्या पोटात काय जातंय हे त्याला माहीत पाहिजे.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय हो. तुम्ही रात्री तीनला बाथरूमच्या दिव्याकडे बघत पडून राहता असं लिहिलंय. एवढी काळजी साठली की माणूस कशाचाही आधार घेतो आणि भाऊजींनी पण प्रेमानेच आणलंय, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

पण त्या पावडरीत खरंच दम आहे का, ते बघू, कारण हा प्रश्न अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात असणार. मीलवर्म म्हणजे एका भुंग्याची अळी, आपल्याकडे जुन्या धान्यात-पिठात किडे होतात त्याच जातकुळीतली. खायला म्हणून तिला मान्यता आहे, युरोपात २०२१ मध्ये मिळाली, सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये एकदम १६ प्रकारच्या कीटकांना दिली. इथे एक गडबड होते. ही मान्यता खाण्याला असते, म्हणजे नीट वाढवलेली, नीट सुकवलेली अळी माणसाने खाल्ली तर चालेल, एवढंच. तिने कोलायटिस बरा होतो असं कुठल्याही सरकारने म्हटलेलं नाही. आपल्याकडे बस्तरात लाल मुंग्यांची चापडा चटणी खातात, ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला तर २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, आसामात एरी रेशमाचे कोष सोलून आतलं खातात. त्यामुळे किडा म्हणून ई करण्याचं मला काही नाही, अन्न म्हणून ते चांगलं असेल, प्रोटीन भरपूर असतं. आपला प्रश्न औषधाचा आहे.

आणि औषध म्हणून जे काही पुढे येतंय ते बहुतेक उंदरांवरचं आहे. उंदरांना कोलायटिस आपोआप होत नाही, लॅबमध्ये त्यांच्या प्यायच्या पाण्यात डीएसएस नावाचं केमिकल घालतात, आठवड्याभरात आतडं सोलवटतं, रक्त पडायला लागतं. मग काही उंदरांना अळीचा किंवा रेशीमकिड्याचा अर्क देतात, बऱ्याचदा तर केमिकल सुरू करायच्या आधीपासूनच देतात, आणि बघतात की सूज कमी आली का. कमी येते कधी कधी, त्यात खोटं काही नाही. पण त्या उंदराचं पाणी बदललं की तो तसाही हळूहळू बरा होतो. तुमच्या मिस्टरांचं पाणी बदलून भागणार आहे का? त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तराच्या मागे लागलीय, तो आजार कमी-जास्त होत वर्षानुवर्षं चालतो. उंदरावर चाललेल्या किती गोष्टी माणसापर्यंत येऊन आपटल्यात त्याला गणती नाही.

माणसांवर एक बऱ्यापैकी अभ्यास आहे, अमेरिकेत झालेला, २०१८ मध्ये छापून आला. २० जणांना दोन आठवडे रोज २५ ग्रॅम रातकिड्यांच्या जातीतल्या क्रिकेटची पावडर दिली, नाश्त्याच्या मफिनमध्ये आणि शेकमध्ये घालून. आतड्यातला एक चांगला जिवाणू वाढला, रक्तातला टीएनएफ अल्फा नावाचा सुजेशी संबंधित घटक कमी झाला. बातम्या जोरात झाल्या. पण ते २० जण ठणठणीत होते ताई, कोलायटिसचा एकही पेशंट नाही, पावडर वेगळ्या किड्याची, आंबवलेली नाही, आणि दोनच आठवडे. भाऊजींच्या पाकिटावर आतड्याच्या सुजेबद्दल जे लिहिलंय ते असल्याच कुठल्यातरी धाग्याला ओढून ताणून लिहिलेलं असणार.

बरं, भाऊजींच्या ऑफिसातल्या माणसाला फरक पडला, त्याचं काय? पडला असेल. हा आजार मुळातच वरखाली होणारा आहे, माणूस नवीन काहीतरी शोधतो ते अगदी वाईट दिवस चालू असतात तेव्हाच, आणि त्यानंतर बऱ्याचदा थोडं बरं व्हायचंच असतं. कोलायटिसच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती खोटी गोळी दिली जाते त्यातल्याही साधारण एक तृतीयांश लोकांना सुधारणा झालेली दिसते. त्यामुळे एकाला फरक पडला यावरून काहीच धरता येत नाही, आणि तो माणूस सोबत काय औषध घेत होता, त्याला नक्की हाच आजार आहे का नुसता आयबीएस, हे तरी भाऊजींना कुठे माहितीय. आयबीएसमध्ये पोट बिघडतं पण आतड्याला जखमा होत नाहीत, रक्त पडत नाही. कोलायटिस ज्या गटात मोडतो तो आयबीडी आणि हा आयबीएस, नावं ऐकायला सारखी वाटतात त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला सर्रास सांगितला जातो, हे तर मी रोज बघते.

आता खरं बोलू का. तुमचं पत्र मी परत वाचलं तेव्हा पावडरीपेक्षा मला त्या एनिमाच्या खोक्याचं जास्त वाटलं. तुम्ही लिहिलंय, 'तो खोका कपाटावर तसाच पडलाय.' डॉक्टरांवरचा विश्वास उडाला असं पण लिहिलंय. पण ताई, डॉक्टरांनी दिलेलं औषध अजून नीट वापरलंच कुठे गेलंय? एक आठवडा एनिमा, आणि गोळ्या आठवतील तशा. औषध हरलं असं म्हणायला आधी ते पोटात जायला तर पाहिजे.

हा आजार सुरूच होतो गुदद्वाराकडून आणि वर वर सरकतो, म्हणून खालून दिलेलं औषध थेट जिथे जखम आहे तिथे लागतं. नुसत्या गोळ्यांपेक्षा गोळ्या आणि एनिमा दोन्ही मिळून जास्त चांगलं काम करतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. गोळ्यांचं तर अजून स्पष्ट आहे, आजार शांत असताना ज्यांनी मेसालामाइन नीट घेतलं नाही त्यांना तो उलटण्याचा धोका घेणाऱ्यांपेक्षा पाचपटीहून जास्त होता असं २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात आलंय. बरं वाटतंय ते गोळीमुळे वाटतंय, आणि नेमकं तेव्हाच ती विसरली जाते.

पण मी मिस्टरांना दोष देणार नाही, कारण वन रूम किचनमध्ये एनिमा घ्यायचा म्हणजे काय असतं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. डाव्या कुशीवर झोपायचं, बाटलीचं तोंड लावायचं, औषध आत गेल्यावर तसंच अर्धा तास पडून राहायचं, जमलं तर रात्रभर धरून ठेवायचं, आणि हे सगळं कुठे, तर जिथे चार हातांवर मुलगी अभ्यास करतेय आणि आईचा हरिपाठ चाललाय तिथे. ४३ वर्षांचा माणूस लाजणार नाही तर काय करेल. मला खात्रीने वाटतं की त्यांनी औषध सोडलं नाही, त्यांना जागा मिळाली नाही म्हणून ते सुटलं. आणि पावडर तुम्हाला आवडली त्याचं एक कारण हेही असेल की ती ताकात ढवळता येते, तिच्याबद्दल कुणाशी बोलावं लागत नाही.

तर बोलायचं तिथे बोला. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही, 'डॉक्टरांनी रात्री अर्धा तास औषध लावून पडून राहायला सांगितलंय, तेवढा वेळ आतली खोली आम्हाला लागेल' एवढं पुरे, आणि हे तुम्ही नाही, मिस्टरांनी त्यांच्या आईला सांगायचं. आईला मुलाचं रक्त पडतं हे माहीत असेल तर ती स्वतःच मुलीला घेऊन खाली बिल्डिंगमध्ये चक्कर मारायला जाईल, बघा तुम्ही. सगळं आवरून झालं, ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरात गादी टाका, खाली जुना टॉवेल आणि त्याखाली प्लास्टिक, म्हणजे थोडं गळलं तरी गादी खराब होईल ही धास्ती राहत नाही. बाटली आधी हातात धरून कोमट करा, गार औषध आत गेलं की लगेच कळ येते आणि माणूस म्हणतो मला हे सहन होत नाही. पहिले काही दिवस पटकन बाहेर पडेल, सूज असते तेव्हा आतडं धरून ठेवतच नाही, म्हणून हरायचं नाही, हळूहळू वेळ वाढतो. अगदीच नाही जमलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, एनिमाऐवजी सपोझिटरी (गुदद्वारातून सरकवायची गोळी) किंवा फोम (तसंच आत सोडायचं फेसाळ औषध) चालेल का. सपोझिटरी फक्त अगदी खालच्या भागापुरती पोचते, त्यामुळे सूज किती वरपर्यंत आहे त्यावर ते ठरवतील, पण विचारल्याशिवाय त्यांना कळणार कसं की तुमच्याकडे जागेचा प्रश्न आहे. बरेच डॉक्टर घरात किती माणसं आणि किती खोल्या हे विचारतच नाहीत. हे माझं मत, कुणाला राग आला तर येऊ दे.

गोळ्यांचं पण विचारा, मेसालामाइन दिवसातून एकदाच एकत्र घेतलं तरी तेवढंच काम करतं हे सिद्ध झालंय, मग तीन वेळा आठवण ठेवायची कटकट कशाला. सकाळी रिकाम्या पोटी पळणाऱ्या माणसाला रात्रीच्या जेवणानंतरची वेळ जास्त सोयीची पडेल. आणि एकादशीचं असं आहे की औषधाने उपास मोडत नाही, हे कुठलेही कीर्तनकार महाराज सांगतील, त्यांना माझं नको पटायला, त्यांच्या दिंडीतल्या कुणा वडीलधाऱ्याला विचारू दे. महिन्यातून दोन दिवस तसे चुकतात, त्यात बरं वाटतंय म्हणून अजून दहा.

अंगदुखी-डोकेदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकवाल्या गोळ्या घेतात का हेही बघा, स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून आपण सगळेच घेतो, पण कोलायटिसमध्ये त्याने आजार उसळू शकतो.

यानंतरही त्यांना ती पावडर घ्यायची असेल तर? तर तो त्यांचा निर्णय, पण पाकीट समोर ठेवून, हे अळ्यांपासून केलेलं आहे हे सांगून. तुम्ही धरून चाललात की ते नाहीच म्हणतील, विचारलंत कुठे. काही माळकरी औषधाला अपवाद करतात, कित्येक कॅप्सूलचं वेष्टन जनावरांच्या जिलेटिनचं असतं हे माहीत असून घेतात, काही जण त्यालाही नाही म्हणतात आणि डॉक्टरांकडून गोळी मागून घेतात. दोन्ही ठीक. फक्त जिलेटिनचा हा मुद्दा त्यांना पेचात पकडायला वापरू नका, 'मग ते कसं चालतं तुम्हाला' वगैरे, त्याने काही साध्य होत नाही. हो म्हणाले तर पुढच्या अपॉइंटमेंटला पाकीट डॉक्टरांना दाखवायचं, आणि तोवर थांबायचं. कारण गोळ्यांच्या बरोबर स्टेरॉइड किंवा ॲझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं काही चालू असेल किंवा लवकर होणार असेल तर जिवंत जिवाणू असलेली आंबवलेली पावडर त्यांना चालेलच असं नाही. एवढं सगळं बघून डॉक्टर हो म्हणाले तरी आधी मलातल्या कॅलप्रोटेक्टिनची टेस्ट (आतड्यात सूज किती आहे ते त्यावरून कळतं), मग त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू न करता ठरावीक मुदतीपुरती पावडर, मग परत टेस्ट. पोटाला बरं वाटतंय या भावनेवर जाऊ नका, आकडा उतरला का ते बघा. आणि गोळ्या-एनिमा त्या काळात चालूच.

इथे ऑनलाइन असलं काही घेणाऱ्या बाकीच्यांना सांगते, पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी लायसन्स नंबर आहे का ते बघा, आणि हेल्थ सप्लिमेंटवर ते औषधी वापरासाठी नाही असं लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे. जो विकणारा त्याच डब्यावर कोलायटिस किंवा क्रोन्स बरा करतो म्हणतो त्याच्याकडून मी तर जिरंसुद्धा विकत घेणार नाही. क्रोन्सवाल्यांनी (तोही आतड्याच्या सुजेचाच आजार) अजून एक, आतडं कुठे अरुंद झालं असेल तर किड्यांच्या कवचातलं कायटिन हा चोथाच आहे, तो अडकू शकतो.

वजनाची काळजी आहे तर त्याला अळ्याच कशाला हव्यात. मऊ मुगाची खिचडी, पनीर, चालत असेल तर घट्ट दही, सोया, हे माळेतही बसतं. भाजलेले दाणे, मोडाची कडधान्यं, कच्च्या कोशिंबिरी सध्या बाजूला. उपाशी निघणं मात्र थांबवा, त्याने ट्रेनमधली भीती कमी होते असं वाटतं पण माणूस वाळत जातो. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन एकदा तपासून घ्या, रक्त पडतंय आणि शाकाहारी आहेत म्हणजे कमी असण्याची शक्यता बरीच. डॉक्टर बदलावेसे वाटत असतील तर जरूर बदला, केईएम, नायर, सायन तिन्हीकडे गॅस्ट्रोची ओपीडी आहे, रांग असते पण हे पेशंट तिथे रोज येतात. जुनी कोलोनोस्कोपीची फाइल आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा, आणि गोळ्या खरोखर किती चुकल्या ते लपवू नका. लपवलं तर डॉक्टर समजतील औषध लागू पडलं नाही आणि पुढचं जास्त कडक, जास्त महाग औषध लिहून देतील, जे कदाचित लागणारही नव्हतं.

आणि हे वाट बघायचं नाही: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, छाती धडधडणं किंवा पोट फुगून कडक होणं. असं झालं तर अपॉइंटमेंटच्या तारखेचा विचार न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

पाकिटाचं विचारलंय, फेकायला जीव होत नाही म्हणून. फेकू नका, डब्यात घट्ट बंद करून ठेवा, तुमचा हात लागणार नाही आणि मुलगी बोर्नव्हिटा समजून उघडणार नाही अशा जागी. डॉक्टरांना दाखवून झालं आणि मिस्टर नको म्हणाले तर भाऊजींना परत द्या, त्यांना कोळंबी चालते का तेवढं आधी विचारून.